थिजलेल्या पाण्याचा इतिहास

रात्री उरलेला पायांचा रस्सा सकाळी उघडून पाहावा, तो खरवसासारखा थिजलेला असतो. भांडे तिरपे केले तरी ओघळत नाही. बोट लावले तर दबतो आणि बोट काढताच पूर्ववत होतो. चुलीवर ठेवला की पाण्यासारखा पातळ, निवला की पुन्हा थिजलेला. ज्यांच्या घरी सामिष चालत नाही त्यांनी हाच प्रकार चायना ग्रास घालून केलेल्या दुधाच्या वड्यांत पाहिला असेल. या थिजलेल्या पदार्थात थिजविणारे द्रव्य किती असते? शंभर भागांत एक, दोन, फार तर पाच. उरलेले बहुतेक सारे पाणी.

एवढेसे द्रव्य एवढ्या पाण्याला उभे कसे करते, आणि ते थोडे कमीजास्त केले तर त्या उभे राहण्यात किती फरक पडतो, हा आजचा विषय आहे. तो ऐकून काही श्रोत्यांना वाटेल की कामगार संघटनेच्या माणसाचे येथे काय काम? आम्ही कोणत्याही महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून चढलो नाही. जे थोडे वाचले ते सभा आणि संप यांच्या मधल्या वेळात, सार्वजनिक वाचनालयांच्या बाकांवर. परंतु या प्रश्नाचा इतिहास वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की त्याचा पहिला मोठा अध्याय रसायनशाळेत घडलाच नाही. तो घडला गरिबांच्या अन्नछत्रांत आणि धर्मार्थ रुग्णालयांच्या मुदपाकखान्यांत. तेव्हा हा विषय आमचाही आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. हाडे, कातडी, स्नायुबंध उकळले की जिलेटिन निघते. समुद्रातल्या तांबड्या शेवाळापासून अगर निघते, तेच आपले चायना ग्रास. दोन्ही द्रव्यांचे रेणू लांबलचक साखळीसारखे आहेत. अशा साखळी-रेणूंना पॉलिमर म्हणतात. कढत पाण्यात या साखळ्या सुट्या वावरतात. पाणी निवू लागले की त्या ठिकठिकाणी एकमेकींना बिलगतात, गाठी पडतात आणि सगळ्या भांड्यात जाळे पसरते. जाळ्याच्या घरांत पाणी अडकते आणि वाहायचे थांबते. या गाठी पक्क्या रासायनिक बंधनाच्या नसतात, उष्णतेने सुटतात. म्हणून अशा पदार्थाला भौतिक जेल म्हणतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग कितीही तापवला तरी पुन्हा पातळ होत नाही. सायकलच्या ट्यूबचे रबर वितळून पुन्हा ओतता येत नाही. ते कूळ निराळे.

हाडांतून ही जेली काढण्याचे यंत्र बनविले ते देनि पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने. आज घरोघरी असलेल्या प्रेशर कुकरचा तो आद्य पुरुष. लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने १६७९ मध्ये हे भांडे मांडले आणि १६८१ मध्ये त्यावर पुस्तक छापले. कोंडलेल्या वाफेत हाड पनिरासारखे मऊ होते आणि त्याचा अर्क थंड झाला की थिजतो, हे पाहून लोक थक्क झाले. फेकून देण्याच्या वस्तूतून अन्न निघाले, अशी समजूत झाली. ते अन्न होते का, हा प्रश्न त्या वेळी कोणी नेटाने विचारला नाही.

त्यानंतर शंभर वर्षांनी काउंट रम्फर्ड या गृहस्थाने या समजुतीला तत्त्वज्ञानाची जोड दिली. मूळ नाव बेंजामिन टॉम्सन, जन्म १७५३, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे. स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांची बाजू घेतल्यामुळे मायदेश सोडावा लागला आणि पुढे तो बव्हेरियाच्या इलेक्टरच्या पदरी राहिला. म्यूनिक शहरात १ जानेवारी १७९० रोजी त्याने भिकाऱ्यांची धरपकड केली आणि त्यांना एका उद्योगगृहात नेऊन सैन्याचे कपडे शिवण्याच्या कामाला लावले. या लोकांना कमीत कमी खर्चात जेवू घालायचे होते. जव, वाटाणे, बटाटे, शिळ्या पावाचे तुकडे, व्हिनेगर, मीठ आणि पाणी यांचे सूप त्याने सिद्ध केले. जव मंद आचेवर तासन् तास शिजविले की थोड्याशा जवात पुष्कळ पाणी घट्ट होते, हे त्याने पाहिले आणि त्यावरून असा तर्क केला की पाणी स्वतःच अन्नाचे काम करीत असले पाहिजे. पाणी हे मूलद्रव्य नसून संयुग आहे हा शोध त्या काळी ताजा होता. वनस्पती जर पाण्याचे विघटन करून पोसल्या जातात, तर नीट शिजून घट्ट झालेले पाणी माणसाच्या पोटात तसेच का पोसणार नाही? त्याचे हे निबंध १७९६ पासून प्रसिद्ध होऊ लागले, आणि १७९९-१८०० च्या कडक हिवाळ्यात लंडनच्या अन्नछत्रांतून त्याच्या पद्धतीची सुपे वाटली गेली. पॅरिसमध्येही त्याच्या नावाची सुपे निघाली.

रम्फर्ड लबाड होता असे आम्ही म्हणत नाही. चुली आणि धुराडी सुधारण्याचे त्याचे काम खरोखर मोलाचे आहे. उष्णता ही वस्तू नसून गती आहे, हे तोफा कोरण्याच्या कारखान्यात बसून दाखविणारा तोच. त्याच्या सुपात वाटाणे आणि पाव असल्यामुळे काहीतरी पोटात जातही असे. परंतु घट्टपणा म्हणजे सत्त्व, हे समीकरण त्याने शास्त्राच्या शिक्क्यानिशी बाजारात आणले, आणि ज्यांना स्वस्तात जेवू घालायचे होते त्यांना ते फारच सोयीचे वाटले.

एका कारखान्याच्या कँटीनमध्ये डाळीचा भाव चढला की डाळ घट्ट होत असे, पातळ नव्हे. हे कोडे आमच्या कँटीन कमिटीला काही दिवस सुटेना. शेवटी एका आचाऱ्याने सांगितले की डाळ निम्मी करून वर मक्याचे पीठ लावतात. वाढप्याच्या पळीवरून ओघळण्याचा वेग हाच कामगाराचा तराजू असतो, हे ठेकेदाराला कामगाराइतकेच ठाऊक होते.

पॅरिसमध्ये पुढचा अध्याय अधिक गंभीर झाला. क्रांतीनंतरच्या टंचाईच्या दिवसांत कादे द व्हो याने हाडांच्या सुपाचा पुरस्कार केला. त्यानंतर झां-पिएर-जोझेफ दार्से या रसायनज्ञाने हाडांतून जिलेटिन वेगळे काढण्याच्या कारखानी पद्धती काढल्या. आधी आम्लाने, मग वाफेने. १८१४ मध्ये पॅरिसच्या वैद्यक विद्यालयाच्या समितीने या जिलेटिनाला अनुकूल अभिप्राय दिला. सूप करण्यासाठी लागणाऱ्या मांसाचा मोठा हिस्सा कमी करावा, त्याऐवजी जिलेटिन घालावे, आणि वाचलेले मांस रोग्यांना भाजून द्यावे, अशी मूळ कल्पना. वाचलेले मांस खरोखर रोग्याच्या ताटात पडेल असे गृहीत धरले होते. सँ-लुई रुग्णालयात १८२९ मध्ये दार्सेचे वाफेचे यंत्र बसले आणि रोज शेकड्यांनी वाटे निघू लागले.

रोग्यांना ते सूप आवडत नव्हते. ते नासते, त्याला वास येतो, पोट बिघडते, अशा तक्रारी होत्या. १८३१ मध्ये ओतेल-द्य या जुन्या रुग्णालयाच्या वैद्यांनीही प्रतिकूल मत लिहून दिले. आल्फ्रेड दोने या डॉक्टराने स्वतः जिलेटिन खाऊन पाहिले. भूक भागेना आणि वजन घटले. तेव्हा शास्त्र अकादमीने समिती नेमली आणि तिचे काम फ्रांस्वा माजांदी या शरीरशास्त्रज्ञाकडे आले. सुमारे दहा वर्षे कुत्र्यांवर प्रयोग चालले. निव्वळ जिलेटिन पुढे ठेवले असता कुत्री काही दिवस खात, मग तोंड फिरवीत आणि उपाशी मरत. १८४१ च्या अहवालात माजांदीने लिहिले की जिलेटिनावर प्राणी जगत नाही. त्याचबरोबर त्याने हेही मोकळेपणाने नोंदविले की नुसते अंड्यातले अल्ब्युमिन किंवा नुसते रक्तातले फायब्रिन यांवरही कुत्री जगली नाहीत. का, ते त्या वेळी कोणालाच सांगता येण्यासारखे नव्हते. म्हणून तो अहवाल वाचताना थोडा चाचरणारा वाटतो. आम्हाला तो त्यामुळेच विश्वासार्ह वाटतो.

आता प्रश्नाचा दुसरा पदर. गरिबांच्या ताटातून जिलेटिन मागे सरले तरी सरस बनविणाऱ्यांच्या धंद्यात त्याचे राज्य चालूच होते. लाकूडकाम, पुस्तकबांधणी, आगकाड्या, पुढे छायाचित्रांच्या काचा आणि फिल्म, सगळीकडे सरस किंवा जिलेटिन. तो विकत घेताना प्रत कशी ओळखायची? ठराविक पाण्यात ठराविक सरस विरघळवून थिजवीत आणि अनुभवी कामगार निरनिराळ्या पेल्यांतल्या जेल्या बोटाने दाबून त्यांची प्रतवारी लावी. अमेरिकेत पीटर कूपरच्या कारखान्याच्या प्रती सगळ्या व्यापाराचे माप बनल्या होत्या. बोटाची ही परीक्षा हसण्यावारी नेऊ नये. आमच्या गिरण्यांच्या सायझिंग खात्यातला जुना कामगारही खळ दोन बोटांत धरून ताण्याला चालेल की नाही ते सांगत असे. फक्त बोटाला अनुक्रम कळतो, आकडा कळत नाही. ही जेली त्या जेलीपेक्षा घट्ट, एवढे ते सांगते. किती पट, हे सांगत नाही. आणि किती पट हे कळल्याशिवाय नियम सापडत नाही.

विज्ञानाने या पदार्थांना नाव दिले १८६१ मध्ये. टॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनज्ञाने मीठ-साखरेसारखे झटपट पसरणारे पदार्थ एकीकडे आणि सरसासारखे मंद पसरणारे दुसरीकडे असा भेद करून दुसऱ्यांना ‘कोलॉइड’ म्हटले. ग्रीक भाषेत सरसाला जो शब्द आहे त्यावरूनच हे नाव घेतले. ‘जेल’ हा शब्दही त्यानेच रूढ केला.

मग मोजमाप सुरू झाले. १९०४ मध्ये लाइक या जर्मन संशोधकाने जिलेटिनच्या जेल्यांचा ताठपणा मोजून दाखविले की तो प्रमाणाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणजे जिलेटिन दुप्पट केले तर ताठपणा दुप्पट न होता चौपट होतो. तिप्पट केले तर नऊपट. १९२५ मध्ये ऑस्कर ब्लूम याने अमेरिकेत जेलीची ताकद मोजण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि बोटाचे काम यंत्राकडे गेले. पद्धत सोपी आहे. शंभर भागांत ६.६७ भाग जिलेटिन, १० अंश सेल्सिअसला सोळा ते अठरा तास थिजत ठेवायचे. मग अर्धा इंच व्यासाचा दट्ट्या ४ मिलिमीटर आत जायला किती ग्रॅम वजन लागते ते पाहायचे. मूळ यंत्रात शिशाचे छर्रे सोडून वजन वाढवीत. जेवढे ग्रॅम तेवढे ‘ब्लूम’. आजही जिलेटिनच्या व्यापारात भाव याच मापावर ठरतो, आणि बहुतेक माल ५० ते ३०० ब्लूमच्या दरम्यान असतो. इतके तास थांबायचे का? तर गाठी पडण्याचे काम रात्रभर चालूच असते. लवकर मोजले तर तोच माल हलका ठरेल आणि उशिरा मोजले तर भारी. भावाच्या वाटाघाटीत घड्याळाला एवढे महत्त्व असलेला दुसरा माल आम्हाला माहीत नाही.

वर्गाचा नियम हाती धरला की हिशेब मांडता येतो. २०० ब्लूमच्या जिलेटिनाचे प्रमाण परीक्षेच्या वेळी निम्मे केले, तर वजन १०० ग्रॅमवर न थांबता ५० च्या आसपास येईल. उलट, १२५ ब्लूमचा स्वस्त माल घेऊन २५० ब्लूमच्या मालाइतकी घट्ट जेली करायची असेल, तर ६ ग्रॅमच्या जागी १२ ग्रॅम लागत नाहीत. साडेआठ ग्रॅम पुरतात. मिठाईचे कारखानदार हा हिशेब रोज करतात. आता दार्सेच्या सुपाकडे पुन्हा पाहा. घट्टपणावरून द्रव्य जोखणाऱ्याला हे गणित चकविते. मुदपाकखान्यात जिलेटिन दीडपट केले तर सूप थंड झाल्यावर सव्वादोनपट ताठ होणार, आणि पाहणाऱ्याला वाटणार की सत्त्वही तितकेच वाढले.

दुप्पटीला चौपट का? विस्कॉन्सिन विद्यापीठात जॉन फेरी यांनी १९४८ मध्ये जिलेटिनचे प्रमाण, तापमान आणि साखळ्यांची लांबी या तिन्हींचा ताठपणावर काय परिणाम होतो ते पद्धतशीर मोजले आणि वर्गाचा नियम पुन्हा दिसला. त्याचे स्पष्टीकरण जत्रेच्या दाखल्याने समजते. गाठ पडायला दोन साखळ्या भेटाव्या लागतात. जत्रेत माणसे दुप्पट झाली तर एकमेकांना लागणारे धक्के दुप्पट होत नाहीत, चौपट होतात. कारण धक्का देणारेही दुप्पट आणि घेणारेही दुप्पट. जाळ्याचा ताठपणा साखळ्यांच्या संख्येवर अवलंबून नाही. ताण वाहणाऱ्या गाठींच्या संख्येवर आहे.

हा नियम मधल्या पट्ट्यात चालतो. दोन्ही टोकांना तो वाकतो. जिलेटिन शेकडा एकाच्या बरेच खाली नेले तर कितीही थंड केले तरी जेली होत नाही. गाठी पडतात, नाही असे नव्हे. परंतु चार साखळ्यांचे एक बेट इकडे, पाचांचे एक तिकडे. भांड्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग जाळे विणले जात नाही, आणि तोवर ताठपणा शून्य. निरनिराळ्या खात्यांत दहा-दहा जणांची टोळकी असली म्हणून युनियन होत नाही, हे आमच्या सभासदांना वेगळे सांगावे लागत नाही. त्या उंबरठ्याच्या थोडे वर आले की ताठपणा वर्गाच्या नियमालाही मागे टाकून एकदम चढतो, कारण पडणारी प्रत्येक नवी गाठ सुटी बेटे मुख्य जाळ्याला जोडून देते. इंग्लंडमध्ये क्लार्क आणि रॉस-मर्फी यांनी १९८५ च्या सुमारास या चढणीचे गणित व्यवस्थित बसविले. पुष्कळ वर चढल्यावर मात्र वाढ मंदावत जाते.

शिवाय ताठपणा आणि चिवटपणा या दोन निराळ्या वस्तू आहेत. दोन टक्क्यांची अगरची वडी हाताला कडक लागते, पण थोडी वाकविली की कट्कन मोडते. जिलेटिनची जेली त्याहून मऊ असली तरी पुष्कळ दबते, ताणली जाते, आणि मग फाटते. अगरच्या गाठी जाड आणि आखूड, जिलेटिनच्या साखळ्या लवचीक. द्रव्याचे प्रमाण वाढवून अगरला जिलेटिनचा स्वभाव येत नाही. तो फक्त अधिक कडक होतो. उलट प्रमाण कमी ठेवले तर अगरच्या वडीला पाणी सुटते, हे गृहिणींना ठाऊकच आहे.

अगरवरून एक चांगली गोष्ट सांगण्यासारखी आहे. जर्मनीत रॉबर्ट कॉख रोगजंतू वाढविण्यासाठी जिलेटिनची जेली वापरीत; परंतु जंतूंना मानवणाऱ्या ३७ अंशांच्या उबेत ती वितळून जाई, आणि काही जंतू तिलाच खाऊन पातळ करीत. त्यांच्याकडे काम करणारे डॉक्टर वाल्थर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी १८८१ मध्ये अगर वापरून पाहा म्हणून सुचविले. जावा बेटात राहून आलेल्या ओळखीच्या माणसांकडून ही वस्तू त्यांच्या स्वयंपाकघरात आली होती. अगर ८५ अंशांच्या आसपास वितळते आणि एकदा वितळले की ४० अंशांच्या खाली आल्याशिवाय थिजत नाही. आजही प्रयोगशाळांतून हीच जेली ओततात, आणि तेथे प्रमाणाचा खेळ उघड दिसतो. शेकडा दीड अगर असले तर जंतूंना आत शिरता येत नाही, ते पृष्ठभागावर ठिपक्यांसारख्या वसाहती करून राहतात. शेकडा ०.३ च्या आसपास ठेवले तर जाळ्याची घरे इतकी मोठी आणि सैल राहतात की जंतू त्यांतून पोहत जातात. हलणारा जंतू कोणता आणि न हलणारा कोणता हे याच पातळ अगरमध्ये ओळखण्याची रीत १९३६ पासून प्रचारात आहे.

जिलेटिनची गाठ प्रत्यक्षात असते कशी, याचे उत्तर आपल्या देशात मिळाले याचा आम्हाला विशेष आनंद वाटतो. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये कोलॅजेनच्या रेणूची तीनपेडी रचना मांडली. हाडाकातड्यांतले कोलॅजेन म्हणजे तीन साखळ्यांचा पीळ. उकळले की पीळ सुटतो आणि सुट्या साखळ्या म्हणजेच जिलेटिन. निवताना त्या साखळ्या जुन्या पिळाकडे परतू पाहतात, जागोजाग तेवढ्यापुरता तीनपेडी पीळ पडतो, आणि तीच गाठ. मग तीन पेड असूनही नियम वर्गाचा का, घनाचा का नाही? एक साखळी स्वतःवरच दुमडून दोन पेड पुरविते आणि तिसरा दुसरीकडून येतो, असे एक उत्तर दिले जाते. त्यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

माजांदीच्या कुत्र्यांचे कोडे या वाटेने सुटले नाही. ते निराळ्या वाटेने सुटले. इंग्लंडमध्ये हॉपकिन्स आणि कोल यांनी १९०१ मध्ये ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल वेगळे काढले. शरीराला ते स्वतः बनविता येत नाही, अन्नातूनच यावे लागते, हे पुढे सिद्ध झाले. जिलेटिनमध्ये ते मुळीच नाही. शेकडा दोन जिलेटिन असो की वीस, जेली हलती असो की दगडासारखी, ट्रिप्टोफॅन शून्यच. म्हणून प्रथिनांना गुण देण्याच्या आजच्या पद्धतीत एकट्या जिलेटिनाला शून्य गुण मिळतो. डाळ-तांदूळ, दूध, मांस यांच्या जोडीला घेतले तर ते वाया जात नाही; एकट्याने ते पोशिंदे नाही, एवढेच.

हे सर्व पुस्तकांत छापून झाल्यावर, १९७६-७७ साली अमेरिकेत वजन उतरविण्यासाठी ‘द्रव प्रथिन’ विकले जाऊ लागले. ते कातडी आणि स्नायुबंधांतल्या कोलॅजेनचे तुकडे करून बनविलेले होते. या खेपेला गिऱ्हाईक गरीब नव्हते. कित्येकांनी महिनोन् महिने इतर अन्न सोडून त्यावरच दिवस काढले. त्यांतली काही माणसे, वयाने तरुण, हृदयाचे ठोके अनियमित होऊन दगावली. सरकारी चौकशी झाली. अत्यल्प आहार आणि निकृष्ट प्रथिन या दोन्हींकडे बोट दाखविले गेले. माजांदीच्या अहवालाला तेव्हा १३६ वर्षे झाली होती. त्यानंतर तेथे अशा प्रथिनांच्या डब्यांवर धोक्याची सूचना छापणे कायद्याने सक्तीचे झाले.